परिचर्या : सेवा की विद्या?

(तालुक्याच्या गावी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)

संयोजकांनी मला 'आरोग्यव्यवस्थेचे अर्थकारण' ह्या विषयावर बोलण्यास सांगितले होते. तो विषय मी टाळणार नाही. पण अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला एक जुनी खोड असते. आधी सिद्धांत मांडावयाचा आणि वेळ उरलाच तर माणसाकडे वळावयाचे. ती खोड आज बाजूला ठेवतो. तीन वर्षांपूर्वी एका मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न माझ्यासमोर आला. त्याचे उत्तर शोधताना मला जे कळले तेच आज सांगणार आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे, आणि कार्यकर्ता म्हणून तुमच्याकडे तो घेऊन येणारी माणसे तर त्याहून अधिक असतील.

बाजार समितीत हमाली करणारा आपल्या संघटनेचा एक जुना सभासद एका सायंकाळी माझ्या घरी आला. बरोबर मुलगी होती. ती कला शाखेतून बारावी झाली होती आणि गुणही चांगले होते. तो म्हणाला, "सर, पोरीला नर्स व्हायचंय. पार शेवटपर्यंत शिकायचं म्हणते. एक माणूस भेटलाय. शेजारच्या राज्यात बीएस्सी नर्सिंगला लावून देतो म्हणतो. सायन्स नसलं तरी चालतं, रोज हजर राहायचीही गरज नाही. साडेतीन लाख मागतोय. दोन एकरांतलं एक एकर काढायचं ठरवलंय. तुम्ही फक्त सांगा, हे बरोबर आहे का?"

मित्रहो, मी तीन दशके अर्थशास्त्र शिकवले. शिक्षणावरील खर्च ही मानवी भांडवलातील गुंतवणूक होय, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल ह्याची गणती नाही. परंतु एएनएम आणि जीएनएम ह्यांत फरक काय, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, "आठ दिवस थांबा. तोवर कोणाला एक रुपयाही देऊ नका." मग शासकीय रुग्णालयातून अधिसेविका म्हणून निवृत्त झालेल्या एका परिचित बाईंकडे जाऊन मी विद्यार्थ्यासारखा बसलो.

शिडीच्या पायऱ्या

परिचर्येच्या शिक्षणात खालपासून वरपर्यंत चार-पाच पायऱ्या आहेत. पहिली सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम. ही पदविका दोन वर्षांची, केवळ मुलींसाठी, आणि कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला खुली असते. उपकेंद्रावर लसीकरण करणारी, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारी आरोग्य सेविका बहुधा ह्या शिक्षणातून आलेली असते. दुसरी पायरी सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविकेची, म्हणजे जीएनएमची. ती तीन वर्षांची. विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी इंग्रजी विषय घेऊन किमान ४० टक्के गुणांनी बारावी झालेल्या कोणत्याही शाखेच्या मुलामुलींना तिचे दार उघडे आहे. तिसरी पायरी बी.एस्सी. नर्सिंग ह्या चार वर्षांच्या पदवीची. तिला मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय व किमान ४५ टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. आपल्या राज्यात त्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

येथेच त्या दलालाचे बिंग फुटते. विज्ञान शाखा नसताना बी.एस्सी. नर्सिंगला नियमाने प्रवेश मिळतच नाही, आणि नियमाबाहेरच्या प्रवेशातून निघालेल्या पदवीवर परिचर्या परिषदेची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही, तर परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार नाही. म्हणजे एक एकर जमीन विकून त्या मुलीच्या हाती एक कागद पडला असता, आणि तो घेऊन ती कोणत्याही शासकीय रुग्णालयाच्या दारात उभी राहू शकली नसती.

मग कला शाखेच्या मुलीला पदवी अशक्यच आहे काय? तसे नाही. जीएनएम पूर्ण करून नोंदणी झालेल्या परिचारिकेसाठी दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा अभ्यासक्रम आहे. तो पुरा केला की पुढे एम.एस्सी. नर्सिंगचा मार्ग खुला होतो. एम.एस्सी. दोन वर्षांची असून तिच्यासाठी पदवीला ५५ टक्के गुण व एक वर्षाचा अनुभव अपेक्षित असतो. त्यात वैद्यकीय-शल्य परिचर्या, बालआरोग्य, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य ह्या पाच विशेष शाखा आहेत. त्याही पुढे पीएच.डी. आहे.

वर्षांचा हिशेब

आता ह्या पायऱ्यांचा हिशेब मांडू. बारावी विज्ञान झालेली मुलगी चार वर्षे पदवी, एक वर्ष अनुभव आणि दोन वर्षे एम.एस्सी. अशी सात वर्षांत शेवटच्या टप्प्यापर्यंत जाते. जीएनएम करणाऱ्या मुलीला तीन, दोन, एक आणि दोन अशी आठ वर्षे लागतात. एएनएमपासून सुरुवात करणाऱ्या मुलीला पुढे जीएनएमला प्रवेश मिळतो. पण तिची आधीची दोन वर्षे तीन वर्षांच्या पदविकेतून वजा होत नाहीत. म्हणून तिला दहा वर्षे लागतात.

सात आणि आठ ह्यांत फारसे अंतर नाही. शिवाय जीएनएम झालेली मुलगी तीन वर्षांनी कमावू लागू शकते. मधली काही वर्षे नोकरी करून धाकट्या भावंडांचे शिक्षण सावरू शकते. तेव्हा ज्या घरात चार वर्षे थांबण्याची ताकद नाही, त्या घरासाठी जीएनएम हा कमीपणाचा मार्ग नव्हे. मात्र एक धोका लक्षात ठेवला पाहिजे. नोकरी लागली, लग्न झाले, पाळ्या सुरू झाल्या की पुढचे शिक्षण राहून जाते. अर्थशास्त्रात संधित्याग खर्च नावाची संकल्पना आहे; एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. गरीब घरातील मुलीने दोन वर्षांचा पगार सोडून शिकावयास जावे, ह्याचा अर्थ त्या घराने दोन वर्षे अर्ध्या भाकरीवर काढावीत असा होतो. श्रीमंत घरातील मुलीला तीच दोन वर्षे जवळजवळ फुकट पडतात. शुल्क दोघींना समान असले, तरी शिक्षणाची किंमत समान नसते. हे ज्याला कळत नाही, त्याने समान संधीच्या गोष्टी करू नयेत.

एएनएमला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ग्रामीण महाराष्ट्रातील बाळंतपणे आणि लसीकरण ह्याच बायांच्या पायपिटीवर उभे आहे. परंतु जिला शेवटपर्यंत जावयाचे आहे आणि जिला जीएनएम मिळू शकते, तिने केवळ एक वर्ष वाचते म्हणून एएनएम घेऊ नये, इतकेच मी सांगेन.

दार कोठे बंद होते?

ह्या हिशेबातून एक गोष्ट ध्यानात येते. पदवीचे सरळ दार बारावीनंतर बंद होत नाही. ते दहावीनंतर, मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असताना बंद होते. ती कला शाखेत जाते ती बहुतेक वेळा आवड म्हणून नव्हे. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसते, असली तर प्रयोगशाळेला कुलूप असते, आणि तालुक्याला जाणारी एसटी सकाळी वेळेवर येत नाही. वडील म्हणतात, "जवळच शीक." त्या एका वाक्याने पुढच्या आयुष्यातील चार वाटा मिटतात, आणि हे त्या वेळी घरात कोणालाच माहीत नसते.

कार्यकर्त्यांना माझे पहिले सांगणे असे की हे काम बारावीच्या निकालानंतर करावयाचे नाही. दहावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात आपल्या वस्तीतील प्रत्येक घरी जाऊन विचारा की मुलीला कोठे घालणार आहात. ज्या मुलीच्या मनात परिचर्या आहे तिला विज्ञान शाखेत घालण्यासाठी घरच्यांची समजूत घाला. एसटीच्या वेळेसाठी आगारात अर्ज द्या. हे काम मोर्चाइतके डोळ्यांत भरत नाही, पण त्याचे फळ तीस वर्षे टिकते.

'प्रगत' म्हणजे काय?

मुलगी 'पार शेवटपर्यंत' म्हणाली होती. हा शेवट कोठे आहे?

आजवर आपल्याकडे त्याचा अर्थ दोनच प्रकारे लावला गेला. एक, अधिपरिचारिकेची परिसेविका आणि परिसेविकेची अधिसेविका होणे. ही बढती मुख्यतः ज्येष्ठतेवर मिळते. नव्या विद्येचा तिच्याशी संबंध थोडा. दुसरा अर्थ, एम.एस्सी. करून महाविद्यालयात शिकवावयास जाणे. ह्या दोन्ही वाटांनी परिचारिका जितकी वर जाते तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते. जिच्यापाशी ज्ञान अधिक, ती कचेरीत किंवा वर्गात. आणि रात्री तीन वाजता अतिदक्षता कक्षात कालपरवा उत्तीर्ण झालेली मुलगी. हे कोणत्याही शहाण्या व्यवस्थेचे लक्षण नव्हे.

जगात ह्याला एक पर्याय निघाला. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ ह्यांनी अनुभवी परिचारिकांना अधिक शिक्षण देऊन मुलांची तपासणी व प्राथमिक उपचार त्यांच्याकडे सोपविण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर पोहोचत नव्हते तेथल्या मुलांसाठी ही व्यवस्था होती. 'नर्स प्रॅक्टिशनर' ही संज्ञा तेथून आली.

आपल्याकडे ही कल्पना उशिरा आली, पण आली. अतिदक्षता परिचर्येतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने गेल्या दशकात सुरू केला. त्यात विद्यार्थिनी वर्गापेक्षा अतिदक्षता कक्षातच अधिक काळ शिकते. २०१८ साली केंद्र शासनाने प्रसूतिसेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचे शिक्षण देऊन प्रसूतितज्ज्ञ नर्स प्रॅक्टिशनर घडविण्याचे ठरविले. सुरळीत बाळंतपण कोठे सुरळीत राहणार आणि डॉक्टर कोठे बोलवावा लागणार, ह्याचा निर्णय घेण्याचे हे शिक्षण आहे. त्याच वर्षापासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. परिचर्येची पदविका वा पदवी आणि त्यावर सहा महिन्यांचे सामुदायिक आरोग्याचे प्रमाणपत्र घेतलेल्या व्यक्ती तेथे रक्तदाब, मधुमेह ह्यांची तपासणी करतात, ठरवून दिलेली औषधे देतात आणि गरज पडेल तेव्हा रुग्ण वर पाठवितात. ज्यांना एवढी वर्षे देता येत नाहीत त्यांच्यासाठी अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, नवजात शिशू, कर्करोग अशा विषयांतील एक वर्षाच्या पदविकाही आहेत.

म्हणून 'पुढे काय?' असे कोणी विचारले तर मी उलट विचारतो : तुला शिकवावयाचे आहे, रुग्णापाशीच राहून तज्ज्ञ व्हावयाचे आहे, की गावात राहून आरोग्य सांभाळावयाचे आहे? शिकवावयाचे असेल तर एम.एस्सी.; रुग्णापाशी राहावयाचे असेल तर नर्स प्रॅक्टिशनर किंवा एक वर्षाची पदविका; गावासाठी सामुदायिक आरोग्य. उद्दिष्ट ठरले की वाट आपोआप ठरते. उद्दिष्टावाचून केवळ पदव्या जमविण्यात गरिबाची वर्षे वाया जातात.

मात्र खरे ते सांगितले पाहिजे. नव्या अभ्यासक्रमांना साजेशी स्वतंत्र पदे आणि स्वतंत्र वेतनश्रेणी शासकीय रुग्णालयांत पुरेशा प्रमाणात निर्माण होणार नसतील, तर प्रगत शिक्षण घेतलेली परिचारिका पुन्हा त्याच खुर्चीवर, त्याच पगारावर बसेल. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची नेमणूकही कंत्राटी ठेवण्यात आली. मासिक २५ हजारांचे मानधन आणि कामाच्या मोजमापावर १५ हजारांपर्यंतचा मोबदला, अशी तिची रचना. गावाचे आरोग्य जिच्या हाती सोपवावयाचे, तिला स्वतःला पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही हे ठाऊक नाही.

सेवा की विद्या?

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. हे असे का होते?

परिचर्येला आपण 'सेवा' म्हणतो. शब्द थोर आहे. सेवेची परंपरा सांगणाऱ्या चळवळीतच आपण वाढलो, तेव्हा त्या शब्दाचा अनादर माझ्या तोंडून होणार नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले ह्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. सेवा ह्या शब्दाला ह्याहून मोठा अर्थ कोणी दिलेला नाही. परंतु स्वतः पत्करलेली सेवा वेगळी आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेली सेवा वेगळी. मालक जेव्हा परिचारिकेला सांगतो की हे काम सेवेचे आहे, पैशाचे नव्हे, तेव्हा तो तिचा गौरव करीत नसतो. तिचा पगार कापीत असतो.

आपल्या समाजात दुसऱ्याच्या देहाला, रक्ताला, मलमूत्राला स्पर्श करण्याचे काम जातीने खालच्या मानलेल्यांकडे आणि घरातल्या घरात स्त्रियांकडे दिले गेले. त्यामुळे सुस्थित घरांतील मुली कित्येक पिढ्या ह्या व्यवसायापासून दूर राहिल्या. मिशनऱ्यांच्या रुग्णालयांतून ख्रिस्ती मुली पुढे आल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विधवा व गरजू स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा त्यांना समाजाच्या नाकमुरडीला तोंड द्यावे लागले. ज्या कामाला स्पर्शाचा विटाळ चिकटला, त्या कामातील बुद्धी दिसेनाशी झाली.

वास्तविक ही विद्या आहे. आधुनिक परिचर्येची संस्थापिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही दिवा घेऊन फिरणारी करुणामूर्ती म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत येते. ती संख्याशास्त्रज्ञ होती, हे आपण मुलांना सांगत नाही. सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेने अधिक मरतात, हे तिने आकड्यांनी आणि आकृत्यांनी सिद्ध केले, आणि लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने १८५८ साली आपली पहिली स्त्री-सदस्य म्हणून तिला निवडले. औषधाची मात्रा मोजणे, श्वासाचा बदललेला लय ओळखणे, डॉक्टरला केव्हा उठवावयाचे हे ठरविणे ही बुद्धीची कामे आहेत. आणि विद्या म्हटली की तिला वेतनश्रेणी, अभ्यासरजा, संशोधन आणि निर्णयाचा अधिकार आलाच. 'सेवा' म्हटले की ह्यांतले काहीच मागता येत नाही.

सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. पाचशे लोकांमागे एक परिचारिका असावी, हे समितीचे उद्दिष्ट होते. त्यासाठी तिने १९७१ पर्यंतचा काळ धरला होता. परिचर्येचे शिक्षण विद्यापीठीय पातळीवर नेण्याचा विचारही त्याच काळातला. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९४६ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. आज देशात हजार लोकांमागे नोंदणीकृत परिचारिका दोनच्या आसपास आहेत. अपेक्षित प्रमाण तीन मानले जाते. १९७१ साठी ठरविलेले जे उद्दिष्ट, त्याच्या आसपास आपण पन्नास वर्षे उशिरा पोहोचलो, आणि तेही नोंदवहीत! कारण नोंदणी झालेल्यांत परदेशी गेलेल्या, निवृत्त झालेल्या आणि घरी बसलेल्याही असतात.

एका बाजूला माणसे कमी आहेत आणि दुसऱ्या बाजूला पगार तुटपुंजा आहे. पुस्तकी अर्थशास्त्र सांगते की तुटवडा असला म्हणजे भाव वाढतो. येथे तो का वाढत नाही? कारण खासगी रुग्णालय दोन परिचारिकांचे काम एकीकडून करून घेते आणि शासन जागा रिक्त ठेवते. गरज रुग्णाची असते. परंतु मागणी नोंदविणारा तो नसतो, मालक असतो. म्हणून हा प्रश्न बाजारावर सोडून सुटणारा नाही.

संघटनेने काय मिळते

२०११ च्या अखेरीस मुंबईतील खासगी रुग्णालयांतील परिचारिका बाँडविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांत केरळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. नोकरी सोडावयाची तर मोठी रक्कम भरा, तोवर तुमची मूळ प्रमाणपत्रे आमच्या कपाटात, अशी ती वेठबिगारी होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली. तिने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांना शासकीय परिचारिकांइतके वेतन असावे. शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयांत ते फार तर १० टक्क्यांनी आणि पन्नास ते शंभर खाटांच्या रुग्णालयांत फार तर २५ टक्क्यांनी कमी असावे. आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी मासिक २० हजारांच्या खाली जाऊ नये. केरळातील परिचारिकांनी संघटित होऊन लढा दिला आणि २० हजारांचे किमान मूळ वेतन तेथील शासनाने २०१८ मध्ये अधिसूचनेने लागू केले. शिफारस सर्व राज्यांसाठी सारखीच होती. जेथे संघटना उभी राहिली तेथे तिला अधिसूचनेचे रूप आले. आपल्या राज्यातील शासकीय परिचारिकांनीही मे २०२२ मध्ये बाहेरच्या संस्थेमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला. त्या वेळी आपल्यापैकी किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले होते, हे ज्याने त्याने आठवावे.

परदेशाची वाटही आज मोठी आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, त्यात परिचर्येचाही समावेश आहे. जी मुलगी जाऊ इच्छिते तिला मी अडविणार नाही. दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा तिचा हक्क आहे. पण जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयात शिकलेली परिचारिका श्रीमंत देशाला आयती मिळते आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात जागा रिक्त राहते, ह्याचा दोष मुलीवर टाकू नका. तिला येथे मान आणि वेतन न देणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

घरासाठी आणि चळवळीसाठी

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. एक : प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद ह्या दोन्हींच्या याद्यांत पाहा, पदवी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता पाहा. दोन : त्या संस्थेचे रुग्णालय स्वतः जाऊन बघा. खाटा किती आहेत हे पाहू नका; त्यांवर रुग्ण किती आहेत ते पाहा. रुग्णाविना परिचर्या शिकणे म्हणजे विहिरीविना पोहणे शिकणे होय. म्हणूनच शासकीय रुग्णालयाशी जोडलेली संस्था, इमारत जुनी असली तरी, पहिल्या पसंतीची. तीन : शुल्कमाफी व शिष्यवृत्ती ह्यांची चौकशी प्रवेशाच्या आधी करा. २०२४ साली शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण माफी देण्याचा निर्णय घेतला; पण तो शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्यांसाठी आहे. दलालाच्या हाताने व्यवस्थापनाच्या जागेवर गेलात, तर हा हक्क गमावून बसाल. चार : मूळ प्रमाणपत्रे द्यावी लागली तर लेखी पोच घ्या, आणि कोणत्याही बाँडवर वाचल्याविना सही करू नका.

आणि चळवळीच्या मागण्या? प्रत्येक जिल्ह्यात शासकीय पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाच्या पुरेशा जागा. नोकरीतील परिचारिकेला पूर्ण पगारी अभ्यासरजा, जेणेकरून ती दोन वर्षे अर्ध्या भाकरीची ठरू नयेत. नर्स प्रॅक्टिशनरची स्वतंत्र पदे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना कायम नेमणूक. आणि २०१६ च्या वेतनविषयक शिफारशींना राज्यात कायद्याचे बळ. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला. त्याच्या नियमांत खालच्या पायरीवरून वर जाण्याची वाट रुंद होते की अरुंद, ह्यावर आपले लक्ष असले पाहिजे. दर्जाच्या नावाखाली पदविकेची वाट बंद करावी, असा विचार मध्यंतरी बोलला गेला होता. दर्जा हवाच, परंतु गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखा उघडण्याआधी पदविका बंद करणे म्हणजे वरचा मजला बांधण्यासाठी जिना पाडणे होय.

आता त्या मुलीविषयी सांगून संपवितो. जमीन विकली गेली नाही. ती जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयाशी जोडलेल्या परिचर्या विद्यालयात जीएनएमला गेली. पहिल्या वर्षी इंग्रजीतील शरीररचनाशास्त्राने तिला रडविले. आपल्या अभ्यासिकेतील एका मुलाने सुट्टीच्या दिवशी तिचे इंग्रजी करून घेतले. आज ती तिसऱ्या वर्षात आहे. मागच्या महिन्यात वडिलांबरोबर भेटावयास आली होती. मी विचारले, "पुढे काय?" ती म्हणाली, "सर, रात्रपाळीला अतिदक्षता कक्षात असते. तिथं राहायचंय. पण तिथं काय चाललंय हे पूर्ण कळेल इतकं शिकायचंय." वडील गप्प होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आधी दोन वर्षं नोकरी केली असती तर धाकट्याचं भागलं असतं."

दोघांचेही बरोबर होते. अशा घराला ह्या दोहोंतून एकाची निवड करावी लागू नये, एवढ्यासाठीच आपली चळवळ आहे असे मी समजतो. पगारी अभ्यासरजेची मागणी करताना तुमच्या डोळ्यांसमोर आकडे नसले तरी चालतील, हे बाप-लेक मात्र असावेत.